एका बाईला दोन खाटा

ज्या घरात दुभती म्हैस आहे, त्या घरातल्या नवराबायकोला एकत्र सहलीला जाता येत नाही. वारणानगरच्या आसपास कोडोली, काखे, सातवे, जाखले या गावांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटे धार, संध्याकाळी धार, दोन्ही वेळा किटली घेऊन सोसायटीत रांगेला उभं राहायचं, फॅट किती लागली ते पावतीवर बघायचं, आणि मग दिवसाचं बाकीचं. तात्यासाहेब कोऱ्यांनी इथं साखर कारखाना उभा केला, मागोमाग दूध संघ आला, वारणा बाजार आला आणि माळावर गाव वसलं. त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण भाचीच्या लग्नालासुद्धा जोडीनं मुक्कामी जाता येत नाही, हेही त्या दुधाचंच देणं. शेजाऱ्याला सांगावं तर आमची म्हैस हातावरची. "धारेला दुसरं कोण बसलं की पान्हा चोरती ती," हे आमच्या ह्यांचं ठरलेलं उत्तर. त्यात त्यांना पाण्याची हौस अजिबात नाही. कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी झाली, उसाला पाण्याच्या किती पाळ्या द्यायच्या यापलीकडं त्यांचा पाण्याशी संबंध नाही.

मी भूगोल शिकवायची. मोसमी वारे, सागरी प्रवाह, प्रवाळबेटं हे सगळं फळ्यावर काढून झालं होतं, पण चारी बाजूंना जमीन दिसत नाही असा समुद्र कधी पाहिला नव्हता. तेव्हा नोकरी संपल्यावर ठरवलं, बोटीनं जायचं. एकटीनं, कारण दुसरा पर्यायच नव्हता. एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईबद्दल मासिकांतून जे लिहून येतं, स्वतःचा शोध वगैरे, तसलं माझ्या मनात काही नव्हतं. घरात दोन माणसं, त्यातलं एक गोठ्याला बांधलेलं, एवढंच.

आधी डोळ्यासमोर आली ती मुंबई-गोवा बोट, कारण जाहिराती तिच्याच. गल्लीत बातमी लगेच फुटली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाई, गोव्याला जायला आधी मुंबईला जाताय व्हय? कोल्हापुरातनं यष्टी हाय की." त्यांचं चुकीचं नव्हतं. आंबोलीच्या घाटानं जो गोवा आम्हाला पाच-सहा तासांवर, त्यासाठी उलट्या दिशेला पावणेचारशे किलोमीटर जाऊन बोट धरायची, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चालेल, कोल्हापूरकराला शोभत नाही. गोवा यादीतून गेला.

मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांचं एक आहे, ती येतात तशी जातात. २०१६ च्या डिसेंबरात इटलीच्या कोस्टा कंपनीचं 'निओक्लासिका' मुंबईहून कोची-मालदीवला जाऊ लागलं. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रीया' मोठ्या थाटात सुरू झाली. २०१९ ला 'कर्णिका' आली, २०२० मध्ये टाळेबंदीनं सगळ्यांचंच दार लावलं, आणि २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' आलं. हे जहाज १९९० साली फ्रान्सच्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेलं; पहिलं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. म्हणजे अमेरिकेत कॅरिबियन समुद्रात एक जन्म काढून इकडं आलेलं. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या प्रवासवर्णनावर विसंबून बेत करू नका, ती बोट आज असेलच असं नाही.

कोल्हापुरातल्या एका एजंटाकडं गेले. पोरगा चुणचुणीत होता. माणशी भाव सांगितला, तो मला परवडणारा वाटला. मग म्हणाला, "मॅडम, हा रेट खोलीत दोघं धरून आहे."

"मी एकटी आहे."

"मग दोघांचे भरा."

"आणि दुसऱ्याचं जेवण कोण खाणार?"

तो हसला, पण दर काही हसला नाही. आमच्या सहकाराच्या मुलखात एका सभासदाला एकच मत, मग त्याचा एक शेअर असो की शंभर. तिकडं बोटीवर एका बाईला दोन खाटा, गरज असो की नसो.

यामागचा हिशेब समजून घेतला तर राग थोडा कमी होतो. हॉटेलवाला खोली विकतो, एसटी सीट विकते. बोट खोली विकते, पण भाव सीटचा सांगते. खोल्या ठरलेल्या, समुद्रात वाढवता येत नाहीत. शिवाय कंपनीची कमाई नुसत्या तिकिटावर नसते. बार, कॅसिनो, दुकानं, बंदरावरच्या सहली यांवर बराच भार असतो, आणि रिकामी खाट दारूही पीत नाही नि जुगारही खेळत नाही. तो तोटा एकट्या माणसाकडून आधीच वसूल करतात. याला धंद्यात 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. कुठं पूर्ण दुप्पट, कुठं दीडपट, आणि जहाज भरत नसेल तर तारीख जवळ आल्यावर कधी कधी त्याहून कमी. यात एक बारीक गोष्ट आहे. दुप्पट होतं ते खोलीचं भाडं. बंदराचे आकार, सेवेचे पैसे माणशी असतात, ते एकाचेच द्यायचे. म्हणून एजंटानं 'गुणिले दोन' केलं तर मान हलवू नये. 'एकटीचं सगळं मिळून, कर धरून किती' असं विचारावं आणि लिहून घ्यावं. मी कागद पुढं सरकवला तसा आकडा खाली आला.

पूर्वी हे असं नव्हतं. माझ्याबरोबर शाळेत एक वेंगुर्ल्याच्या बाई होत्या. त्यांचं लहानपण मुंबई-वेंगुर्ले आगबोटीवर गेलं. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही दोन नावं त्या घरातल्या माणसांसारखी घ्यायच्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघायचं, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण करत जायचं. बोट बऱ्याच ठिकाणी धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसं, पेट्या, कोंबड्या किनाऱ्याला जायच्या. पावसाळ्यात सगळं बंद. डेकचं तिकीट काढलं की माणसाला एका चटईची जागा. एकटा असो की सात जणांचं बिऱ्हाड, तिकीट डोक्यामागं. ऐंशीच्या दशकाअखेर ती बोट थांबली, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि पुन्हा बोटीची गरज कुणाला वाटली नाही.

त्या बाईंकडून मी बोटीच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या, पण समुद्र कसा दिसायचा हे त्यांनी एकदाही सांगितल्याचं आठवत नाही. सांगायच्या ते जेवणाचं. कुणी घावन काढायचं, कुणी सुकटाची चटणी, कुणी उकडलेली अंडी. शेजारच्या चटईवरचं माणूस अनोळखी असलं तरी त्याला सोडून कुणी खायचं नाही. एकदा त्यांची आई एकटीच निघाली होती आणि तिनं घरून आणलेला डबा मालवणपर्यंत उघडलाच नव्हता, इतकं इतरांनी खायला घातलं. मला वाटतं, बोट निवडायची खरी कसोटी त्या डब्यात होती. खोली ही झोपण्यापुरती असते. एकट्या माणसाला एकटं वाटतं ते जेवणाच्या वेळी, आणि बोटीवर जेवणाच्या वेळा फार असतात.

तेव्हा मी खोल्यांची चित्रं बघायचं सोडलं आणि विचारायला लागले, जेवायला बसवतात कसं. एजंटाला हा प्रश्न कुणी केला नसावा. जगातल्या जहाजांवर यात दोन रीती आहेत. जुनी रीत अशी की पंगत ठरलेली: रोज त्याच वेळी, त्याच टेबलाला, त्याच सहा-आठ जणांत बसायचं, वाढणाराही तोच. दुसरी नवी रीत, हवं तेव्हा या, हवं तिथं बसा. जोडप्यांना आणि घोळक्यांना दुसरी सोयीची. एकट्याला पहिली. नवी रीत असली तरी 'मला भरलेल्या टेबलावर बसवा' असं सांगता येतं, फक्त ते सांगावं लागतं. ताटं मांडून ठेवायची आणि ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं, एवढंच जिथं असेल ती बोट एकट्यानं घेऊ नये, असं माझं मत आहे. ताट हातात घेऊन जागा शोधत फिरण्याइतकं परकं वाटणं दुसरं नाही.

पर्याय तसे बरेच निघाले. आमच्या भागात १९९८ साली सत्तर गावांत संगणक बसवण्याचा प्रकल्प झाला होता, शेतकऱ्याला उसाचं वजन-बिल गावातच कळावं म्हणून. त्यामुळं माउस धरायला मी तेव्हाच शिकले होते. आता फोनवर जहाजं बघायला जड गेलं नाही. 'आंग्रीया'वर एकट्यासाठी कप्प्यासारख्या झोपायच्या जागा होत्या हे वाचून हळहळ वाटली, कारण मी शोधायला लागले तेव्हा ती बंद होती. 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर २०१० साली एकट्या प्रवाशांसाठी १२८ खोल्या केल्या, शंभर चौरस फुटांच्या, आणि त्यांच्यासाठी वेगळी बैठकीची खोली. 'क्वीन मेरी २' वर २०१६ च्या दुरुस्तीत अशा १५ खोल्या घातल्या. त्याच कंपनीच्या जहाजांवर एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला गृहस्थ नेमलेले असतात. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "पगार किती?"

मराठी सहल कंपन्यांकडून गेलं तर आणखी एक वाट आहे. वीणा वर्ल्डसारख्यांच्या बायकांच्या खास सहली असतात. एकटी बाई आली तर तिला दुसरी एकटी बाई खोलीत जोडून देतात, मग खोलीचं भाडं वाटलं जातं. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींचे कार्यक्रमही असे मिळतात, त्यात परत सिंगापूरला उतरायचं असल्यानं व्हिसा किती वेळा प्रवेशाचा आहे तेवढं बघायचं. पैशाला हा मार्ग चांगला. पण घोरणारी बाई आणि खिडकी नसलेली खोली हे दोन्ही एकत्र आले तर समुद्राचा काय उपयोग? मी तो बाजूला ठेवला. ज्यांना झोप लागते त्यांनी अवश्य घ्यावा.

आणि एक सरकारी वाट. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजानं 'समुद्रम्' नावाची सहल असते. रात्री जहाजात झोपायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय यांपैकी एका बेटावर. तिथं तिकीट खाटेमागं, खोलीमागं नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाईंच्या चटईचीच ही सुधारलेली आवृत्ती. बेटांवर राहणाऱ्यांची तीच रोजची बोट असल्यानं सोबतीला खरी माणसं मिळतात. मला ही सर्वांत पसंत होती. पण वेळापत्रक हंगामाप्रमाणं बदलतं, परवाना आधी काढावा लागतो, आणि माझ्या तारखा जुळेनात. म्हणून मग 'एम्प्रेस'ची मुंबई-लक्षद्वीप फेरी ठरवली. गोव्याचा प्रश्न नाही, समुद्रावर पुरा एक दिवस जाताना नि एक येताना, मध्ये प्रवाळबेट. भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय हवं!

निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडं एकच प्रश्न फिरत होता, एकटीच का. उत्तर देऊन देऊन कंटाळल्यावर मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सेरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं, आपण अमेरिकेला का जातो आणि एकट्या का जातो, एवढंच सांगायला. वय अठराच्या आत. गोपाळराव पोस्टात नोकरीला, ते मागं राहिले. ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून मिशनरी बायकांच्या सोबतीनं बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांची नेमणूक झाली ती आमच्या कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, आज ज्याला सगळे सीपीआर म्हणतात. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. त्यांच्या आणि माझ्या प्रवासात तुलना कसली करायची! पण नवरा मागं ठेवून बोटीत बसणारी मी काही पहिली नव्हे, हे काकींना सांगायला मुद्दा मिळाला. काकी म्हणाल्या, "त्या शिकाय गेल्त्या. तुम्ही खायला."

कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी मुंबई. बॅलार्ड इस्टेटच्या ग्रीन गेटला रांग. जातानाच बॅगा क्ष-किरणातून, मग ओळखपत्र, मग गळ्यात कार्ड. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट. रांगेत एकट्या माणसाकडं अधिकारी दोनदा बघतात. मला पुढच्या नि मागच्या घोळक्यातली समजून दोघांनीही बॅग सांभाळायला दिली, त्यामुळं मी दोन कुटुंबांतली होऊन आत शिरले.

खोली मी मुद्दाम आतली घेतली होती, बिनखिडकीची. हे लोकांना पटत नाही. खिडकीची खोली एकट्यानं घेतली की माणूस खिडकीशी बसून राहतो. समुद्र वर डेकवर फुकट आहे आणि तिथं माणसंही आहेत. दुसरं असं, दुप्पटच भरायचं तर स्वस्तातल्या खोलीचं दुप्पट भरावं. फक्त जागा बघून घ्यावी: जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर डोलणं कमी लागतं, आणि वर-खाली कुठं नाचाचा हॉल नाही ना, ते नकाशात पाहावं. आत दोन खाटा शेजारी शेजारी, दोन उश्या, दोन टॉवेल, दोन पेले. एका खाटेवर मी झोपले, दुसरीवर साड्या. तिचे पैसे भरलेले होते, साड्यांनी वसूल केले.

सुटण्याआधी सगळ्यांना बाहेर काढून कवायत घेतली. जीवरक्षक जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं, भोंगा किती वेळा वाजला म्हणजे काय. बरीच मंडळी सेल्फी काढत होती. मी मात्र कान देऊन ऐकलं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ही गोष्ट कोकणात अजून सांगतात. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ही कवायत घेण्याचा नियम जगभर झाला. कुटुंबात एखादा राहिला तर दुसरा हाक मारतो. एकट्याला हाक मारणारं कुणी नसतं, म्हणून आपलं जमायचं ठिकाण दोनदा चालून बघावं आणि आपल्या मजल्यावरच्या सफाईवाल्या मुलाला आपण एकटे आहोत हे सांगून ठेवावं. खोलीचा नंबर बाकी कुणाला नाही. बाकी भीतीचं म्हणाल तर रात्री अकराला एसटी स्टँडवर उभं राहण्यापेक्षा जहाजाच्या जिन्यात उभं राहणं शंभर पट सुरक्षित.

पहिल्या रात्री जेवायला गेले. दारातल्या मुलानं विचारलं, किती जण. मी म्हटलं, एकटीच. त्यानं मला भिंतीकडच्या दोघांच्या टेबलाशी नेलं, खुर्ची ओढून दिली आणि मग समोरची मांडणी उचलायला लागला. आधी पेला, मग काटा, सुरी, चमचा एकावर एक ठेवून डाव्या हातात, मग पंख्यासारखा घडी घातलेला रुमाल, शेवटी ताटली. अगदी आदबीनं, आवाज न करता. टेबलाचा समोरचा अर्धा भाग पांढरा राहिला. मी उठले आणि म्हटलं, "बाळ, मला मोठ्या टेबलावर बसव. जिथं एक खुर्ची शिल्लक असेल तिथं." तो जरा गोंधळला, मुख्य माणसाला विचारून आला, आणि मला खिडकीशेजारच्या गोल टेबलावर नेलं.

तिथं नाशिककडचं द्राक्षबागायतदार जोडपं, डोंबिवलीच्या दोघी बहिणी आणि सांगलीचे एक जैन व्यापारी काका. काका एकटे, म्हणजे पत्नी खोलीत, बोट लागल्यामुळं. त्यांनी विचारलं, "कुठल्या?" वारणानगर म्हणताच, "श्रीखंडाच्या की ओ!" आमच्या गावाची ओळख कुठंही याच डब्यातून निघते. मग द्राक्षाचा भाव, उसाचा भाव, सांगलीची हळद, डोंबिवलीची लोकल असं सगळं होऊन आम्ही उठलो तेव्हा टेबलं आवरायला आली होती. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची माझी. सकाळी उशीर झाला तर बहिणींपैकी एक जण शोधायला यायची. बागायतदार वहिनींनी खोलीतून शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती रुमालाखालून टेबलाखालनं फिरायची. बाहेरचं खाणं चालतं की नाही हे आम्ही कुणी विचारलं नाही. जैन जेवण वेगळं मिळतं, शाकाहारी भरपूर. तिखटाचं मात्र स्वतः बघावं लागतं.

पहाटे धारेच्या वेळेला जाग येणं हे काही बोटीवर सुटलं नाही. वर गेले तर कामगार डेक धूत होते, पाण्याचा नळ सोडून, ब्रशानं ओढत. कठड्याला हात लावला तर चिकट. रात्रभराचं मीठ बसलेलं. मुंबई आणि लक्षद्वीपमधलं आमचं बेट अगत्ती जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७२ अंशांच्या आसपास. म्हणजे जहाज सरळ दक्षिणेला नऊशे किलोमीटर जातं आणि किनारा हळूहळू पूर्वेला सरत दूर होतो. सूर्य बरोबर डाव्या हाताला उगवला. फळ्यावर हे हजारदा काढलं असेल. चारी बाजूंना पाहिलं: जमीन नाही, पक्षी नाही, एक रेघ आणि मध्ये आपण. ते बघायला आले होते, ते मिळालं. खरं सांगायचं तर अर्ध्या तासात पोट भरलं. समुद्राचा पूर्ण दिवस हा फार मोठा असतो, आणि त्याला गोल टेबल लागतंच. कॅसिनो, गाणी, जादूचे प्रयोग याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अगत्तीपाशी जहाज आत जात नाही, जाऊ शकत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कडा, त्याच्या आत उथळ खाजण. लांबून एक पांढरी रेघ फुटताना दिसते, तो कडा. रेघेच्या अलीकडं पाणी शाईसारखं, पलीकडं एकदम हिरवं, मध्ये उतार असा नाहीच. छोट्या होड्यांतून माणसं उतरवतात, तीही समुद्र शांत असेल तरच. खवळला तर बेट लांबूनच बघून परत फिरायचं, हे तिकीट काढताना मनात धरून असावं. इथं एकटेपणाचं पहिल्यांदा चीज झालं. घोळके आपली माणसं मोजत, एकमेकांना हाका मारत उभे होते. होडीतून ओरडा आला, एक जागा आहे, कोण एकटं आहे का? मी रांगेत कितीतरी मागं होते आणि कितीतरी आधी बसले.

बेट चिंचोळं, उंची समुद्रापासून काही मीटर, एका टोकाला विमानतळाची धावपट्टी. नारळ, आणि कुपा माशाचं वाळवण. दारूबंदी आहे, बोटीवरच्या काहींचे चेहरे त्यामुळं उतरलेले. भाषा मल्याळमच्या जवळची. नदी नाही, ओढा नाही. वारणेकाठच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, त्यावर विहिरी. आणि २०११ पासून इथं समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे: वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं, आणि शेकडो मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्यानं ती वाफ गार करायची. पहिला असा प्रकल्प कवरत्तीला २००५ मध्ये झाला. नळाशी एक बाई पाणी भरत होती. मी खुणेनं चव मागितली. पाणी सपक होतं, मीठ अजिबात नाही.

परतीचा प्रवास टेबलावरच गेला. उतरताना पत्ते, फोन, द्राक्षाच्या हंगामात या, असं सगळं झालं. म्हैस ठीक होती. दूध एक वेळ कमी दिलं म्हणे, पण ते मी नव्हते म्हणून की पेंड बदलली म्हणून, यावर आमच्यात एकमत नाही.

एकट्यानं बोटीला जावं का, असं आता मला गल्लीतल्याच नव्हे तर कोल्हापूरच्या ओळखीच्या बायकाही विचारतात. माझा निर्णय असा. तीन-चार रात्रींचा प्रवास असेल तर दोन खाटांचे पैसे सरळ भरावेत, आतली खोली घ्यावी आणि स्वतःच्या दाराला स्वतःची कडी ठेवावी. आठवड्यावर जायचं असेल तर भरू नयेत. एकट्याच्या खोल्या असलेलं जहाज शोधावं, नाहीतर सोबतीण जोडून देणारी सहल घ्यावी. लक्षद्वीप बघायचं हाच हेतू असेल आणि तारखांची घाई नसेल तर कोचीची सरकारी बोट या सगळ्यांहून चांगली. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये. आणि पैसे भरण्याआधी जेवायला बसवतात कसं ते विचारावं. एजंटाला उत्तर माहीत नसेल तर त्यालाच कंपनीला फोन लावायला सांगावा, आणि तो बोलून होईपर्यंत समोरून उठू नये.